बोरीबंदरचा शिल्पकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स



जालना, परतूर, बदनापूर या भागांतून कामानिमित्त मुंबईस जाणारे आपले भाविक देवगिरी किंवा तपोवन गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात. हातात सामान, डोक्यात दवाखान्याची किंवा नोकरीची विवंचना आणि मागून गर्दीचा रेटा! अशा वेळी मान वर करून छताकडे पाहण्याची उसंत कोणाला मिळणार? म्हणूनच ज्या माणसाने ही वास्तू उभी केली, त्याचे नाव त्या छताखालून रोज जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी असताना प्रथम मुंबईस गेलो. त्या काळी आपल्याकडे मीटरगेजचे अरुंद रूळ होते आणि मनमाडला उतरून दुसरी गाडी धरावी लागे. पहाटे बोरीबंदरला उतरून आम्ही बाहेर रस्त्यावर आलो आणि मागे वळून पाहिले. टोकदार कमानी, निमुळते कळस, रंगीत काचांच्या खिडक्या, दगडी पानाफुलांतून डोकावणारे पशुपक्षी आणि या सर्वांवर उभा असलेला घुमट! हे एवढे भव्य चर्च कोणत्या संताचे असावे, असा भाबडा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला. ते चर्च नव्हते, साधे रेल्वेस्थानक होते. तथापि आमची ती चूक अगदीच निराधार नव्हती, हे पुढे अभ्यासाअंती कळले. त्या चुकीचे कारण ज्यांच्या जीवनात सापडते, त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा परिचय आज आपण करून घेऊ या.

बाथ शहरातील बालपण

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील बाथ या शहरी झाला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत कुलाबा येथे सेंट जॉन चर्चची पायाभरणी झाली. अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले हे अँग्लिकन मंदिर आज अफगाण चर्च म्हणून ओळखले जाते. हेन्री कॉनिबेअर यांनी त्याचा आराखडा केला आणि १८५८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. ज्या शैलीत स्टीव्हन्स यांना पुढे कीर्ती मिळावयाची होती, ती गॉथिक शैली मुंबईत रुजविण्यात या मंदिराचा मोठा वाटा आहे.

बाथ हे रोमन काळापासूनचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे शहर. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडात बांधलेली घरे ही त्याची ओळख. दगड कसा निवडावा, कसा घडवावा आणि उन्हात तो कसा दिसतो, याचे संस्कार तेथील मुलावर नकळत होत असले पाहिजेत. १८६२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत-बाहेर, स्टीव्हन्स हे त्याच शहरातील वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे उमेदवारीस लागले. पाच वर्षे त्यांनी तेथे शिक्षण घेतले. त्या काळी वास्तुविद्या अशीच शिकली जाई. गुरूच्या कचेरीत बसून आराखडे गिरवावयाचे, बांधकामावर जाऊन मोजमापे घ्यावयाची आणि गवंड्याच्या हाताकडे पाहत शिकावयाचे.

गॉथिक शैली आणि ख्रिस्तसभा

येथे थोडे थांबून या शैलीविषयी सांगणे अगत्याचे आहे. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथेड्रल बांधणाऱ्या कारागिरांना एक युक्ती साधली. गोल कमानीऐवजी टोकदार कमान घेतली आणि छताचे वजन दगडी फासळ्यांवरून खांबांत उतरविले, तर भिंतींना जाडजूड राहण्याची गरज उरत नाही. भिंती मोकळ्या झाल्या, तेथे मोठ्या खिडक्या आल्या, आणि खिडक्यांतील रंगीत काचांमधून प्रकाश वेदीपर्यंत पोहोचला. पुढे प्रबोधनकाळात ही शैली मागे पडली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. त्याच्या अग्रणींपैकी ऑगस्टस पुगिन हे १८३५ साली कॅथलिक झालेले वास्तुविशारद होते. टोकदार कमान हीच खरी ख्रिस्ती वास्तुकला आणि शोभा ही बांधणीतूनच उगवली पाहिजे, वरून चिकटविलेली नसावी, असे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. अवघ्या ४० वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कितीतरी चर्च उभारली आणि लंडनच्या संसदभवनाच्या अंतर्भागालाही रूप दिले.

पुगिन १८५२ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात ही शैली चर्चच्या उंबरठ्याबाहेर पडली. न्यायालये, विद्यापीठे, रुग्णालये आणि रेल्वेस्थानकेही त्या वळणाची होऊ लागली. स्टीव्हन्स यांचे उमेदवारीचे दिवस नेमके याच काळातले होते.

कोट पडलेली मुंबई

१८६७ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन स्टीव्हन्स यांना हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नेमणूक मिळाली. वयाच्या विसाव्या वर्षी ते या देशात आले. प्रारंभी काही काळ पुण्यात काढून १८६८ मध्ये ते मुंबईत दाखल झाले.

मुंबई त्या वेळी कात टाकीत होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला. हा कापूस कोठला? वऱ्हाड, खानदेश आणि दख्खनच्या काळ्या मातीतला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी शहराभोवतालचा जुना कोट पाडविला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी व सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहू लागली. चर्च बांधण्यात नावाजलेले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई विद्यापीठाच्या सभागृहाचे आणि राजाबाई मनोऱ्याचे आराखडे लंडनहून पाठविले. स्वतः स्कॉट मात्र कधीही हिंदुस्थानात आले नाहीत. स्टीव्हन्स यांचे तसे नव्हते. ते येथे राहिले, येथील उन्हापावसात राबले, आणि येथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांचे पहिले नावाजलेले काम म्हणजे रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम. राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र प्रिन्स अल्फ्रेड यांच्या १८७० मधील भेटीच्या स्मरणार्थ, बंदरावर उतरणाऱ्या खलाशांना राहण्यासाठी ही इमारत योजली गेली. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी तिला दोन लाख रुपयांची देणगी दिली. १८७६ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या माथ्यावर सागरदेवता नेपच्यूनचे शिल्प आहे. पुढे याच इमारतीत मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची आणि नंतर महाराष्ट्र विधिमंडळाची अधिवेशने भरली. आज तेथे राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे. खलाशांच्या निवाऱ्यासाठी बांधलेल्या भिंतींनी एका राज्याचे कायदे घडताना पाहिले!

दहा वर्षांचे बांधकाम

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. त्या वेळचे स्थानक अगदी साधे होते. पंचवीस वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पसारा इतका वाढला की, कंपनीला नव्या स्थानकाची आणि मुख्य कचेरीची गरज भासू लागली. हे काम तिशीच्या स्टीव्हन्स यांच्याकडे आले. त्यांनी प्रथम युरोपात जाऊन तेथील स्थानके अभ्यासली. १८७८ मध्ये कामास प्रारंभ झाला. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी स्थानकास तिचे नाव देण्यात आले. १८८८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला.

या इमारतीचे वैशिष्ट्य तिच्या घुमटात आहे. इटलीतील गॉथिक वळणाच्या इमारतीवर अष्टकोनी, दगडी फासळ्यांचा घुमट चढविणे हे त्या काळी नवलाचे धाडस होते. घुमट बांधावयाचा तर खाली लाकडी सांगाडा उभारून त्यावर दगड रचण्याची रीत असते. येथे फासळ्यांचे दगड एकमेकांच्या खाचांत अडकवून, सांगाड्याच्या आधाराविना घुमट वर नेण्यात आला. त्या घुमटाखाली पाहू गेल्यास वेदी नाही, समाधी नाही, आहे तो केवळ एक जिना! एरवी देवघरासाठी राखून ठेवलेला मान येथे कचेरीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या पायऱ्यांना मिळाला.

घुमटाच्या शिखरावर प्रगतीची मूर्ती आहे. तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात आरे असलेले चाक आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसविले आहेत. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांबरोबर नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांचेही मुखवटे कोरलेले आहेत.

हे कोरीव काम कोणाचे? शिखरावरील मूर्ती लंडनच्या टॉमस अर्प यांची. परंतु खांबांवरील मोर, माकडे, खारी आणि वेलबुट्टी ही बहुतांशी सर जे. जे. कलाशाळेच्या एतद्देशीय विद्यार्थ्यांनी घडविली. जॉन ग्रिफिथ्स हे तेथील अध्यापक. आपल्या जालन्याहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम हेच ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून करीत होते. म्हणजे ज्या वर्षांत कलाशाळेचे काही हात अजिंठ्याच्या अंधारात प्राचीन रेषा टिपीत होते, त्याच वर्षांत तिचे काही हात बोरीबंदरच्या दगडांत पानेफुले उमटवीत होते. मुंबईचे गॉथिक इंग्लंडच्या गॉथिकहून वेगळे का दिसते, याचे उत्तर येथे सापडते.

स्टीव्हन्स यांचे सहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेख करणारे होते एम. एम. जनार्दन. आराखड्यावर सही एकाची असली, तरी दहा वर्षांच्या बांधकामात रोज उद्भवणाऱ्या शंभर अडचणी निवारणारे असे किती तरी जण असतात. त्या काळच्या मुंबईत दगड-चुना वाहणारे मजूर आणि बांधकामाचे ठेकेदार यांत कामाठी समाजाचा भरणा मोठा होता. हे लोक निजामाच्या राज्यातील तेलुगू मुलखातून आले होते, आणि कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडले. आपला जालनाही तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

महापालिका, कारंजे आणि चर्चगेट

या यशानंतर स्टीव्हन्स यांना ब्रिटिश सरकारने सी. आय. ई. हा किताब दिला आणि त्यांच्याकडे कामांचा ओघ सुरू झाला. बोरीबंदरसमोरच महापालिकेची इमारत व्हावयाची होती. लॉर्ड रिपन यांनी १८८४ मध्ये तिची कोनशिला बसविली होती. आराखड्यांच्या स्पर्धेत मद्रासचे रॉबर्ट चिझम यांनी बाजी मारली होती, परंतु ती योजना मागे पडून अखेर स्टीव्हन्स यांचा आराखडा स्वीकारला गेला. गॉथिक कमानींना त्यांनी या वेळी मोगली वळणाच्या घुमटांची जोड दिली. २५५ फूट उंचीच्या मनोऱ्याची ही इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. तिला खर्च आला ११ लाख ८८ हजार रुपये, आणि तोही मंजूर अंदाजपत्रकाच्या किंचित आत! धर्मग्रामाचे सभागृह बांधताना अंदाजपत्रक दुप्पट झाल्याचा अनुभव ज्यांना आहे, ते आमचे बंधू-भगिनी या एका गोष्टीसाठीही स्टीव्हन्स यांना मनोमन नमस्कार करतील.

फोर्ट भागातील मुळजी जेठा कारंजे हे त्यांचे लहानसे काम. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा धरमसी अल्पवयात वारला. त्याच्या स्मरणार्थ बापाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची तहान भागविण्यासाठी हे कारंजे १८९० च्या दशकात बांधविले. त्यावरील प्राण्यांची शिल्पे ग्रिफिथ्स यांच्या कल्पनेतील. स्थानकाइतकीच काळजी स्टीव्हन्स यांनी या पाणपोईवरही घेतली आहे. २०१७ मध्ये त्याचे जतनकार्य झाले असून त्याचे मूळ रूप पुन्हा पाहता येते.

चर्चगेट येथील बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मुख्य कचेरी हे त्यांचे शेवटचे मोठे काम. निळसर काळा दगड आणि मधून पांढरे पट्टे असलेली ही घुमटांची इमारत १८९४ ते १८९९ या काळात उभी राहिली. आज ते पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे.

दुसरी बाजू

थोरांची चरित्रे सांगताना दुसरी बाजू झाकणे आम्हांस उचित वाटत नाही. १८७८ साली बोरीबंदरचा पाया खोदला जात होता, तेव्हा दख्खन १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळातून नुकतीच बाहेर पडत होती. या रेल्वे कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, आणि तूट येईल तेव्हा ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाई. सारा भरणारा शेतकरी या कमानींचा एक नकळत देणगीदार होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि मराठवाडा होरपळला. राणीच्या नावाच्या वैभवाखाली हे दुःखही गाडलेले आहे. वास्तूचे सौंदर्य मान्य करताना तिची किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये.

त्याच दुःखाच्या वर्षी, मार्च १९०० मध्ये, हिवतापाने स्टीव्हन्स यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय ५२ होते. शिवडीच्या दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. आणि त्याच सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू होऊन जालन्याला आगगाडी आली. ज्यांनी बोरीबंदर बांधले त्यांनी डोळे मिटले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून तेथे जाण्याचा मार्ग खुला झाला!

स्टीव्हन्स यांचे पुत्र चार्ल्स यांनी वडिलांचा व्यवसाय पुढे चालविला. १९०५ मध्ये चर्चगेटच्या कचेरीला आग लागली, तेव्हा तिची दुरुस्ती त्यांनीच केली. १९३३ चे रीगल चित्रपटगृहही त्यांचेच. वडिलांनी रुजविलेली शैली तोवर चर्चच्या कामी परतली होती. वांद्र्याचे आजचे मोत माउली मंदिर १९०४ मध्ये शापूरजी चंदाभॉय या वास्तुविशारदांनी गॉथिक वळणाने बांधले. कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल विल्यम चेंबर्स यांच्या आराखड्यानुसार १९०५ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यातील भित्तिचित्रे येशूसंघीय ब्रदर अंतोनियो मोशेनी यांनी रंगविली. २००४ मध्ये युनेस्कोने बोरीबंदरच्या स्थानकास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९९६ मध्ये त्याचे नाव बदलले, २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द जोडला गेला. नाव बदलले, दगड तेच राहिले, आणि येथील लोकांनी ते आपले मानले.

आपल्या अंगणातील दगड

स्टीव्हन्स मुंबईत बांधीत असताना आपल्या जालन्यातही बांधकाम चालू होते. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. ते स्कॉटिश मिशनचे, आपल्या पंथाचे नव्हेत. परंतु माळरानावर प्रथम विहीर, मग घर, शाळा आणि प्रार्थनामंदिर असा जो क्रम मिशनच्या गावांनी घालून दिला, तो आपल्या खेड्यांतील कॅथलिक मंदिरांनाही परका नाही. गावच्या गवंड्याने, जवळच्या खाणीतील काळ्या दगडांत, चुन्याच्या दर्जांनी बांधलेली ही लहान मंदिरे कोणत्याही वारसायादीत नाहीत. त्यांचा वास्तुविशारद बहुधा एखादा परदेशी धर्मगुरू आणि त्याचा आराखडा वहीच्या पानावर काढलेला.

आम्ही एका धर्मग्रामात पाहिले आहे. जुन्या दगडी भिंतीतून ओल येते म्हणून उत्साही मंडळींनी तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चार पावसाळ्यांत ओल वाढली आणि दगडांचे पापुद्रे सुटू लागले. कारण साधे आहे. चुना भिंतीतील ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडून ठेवते. त्या भिंतीसाठी ज्यांच्या आजोबांनी दगड वाहिले होते, ते वृद्ध गृहस्थ गुमान उभे राहून पाहत होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावच्या जुन्या मंदिराची दुरुस्ती अथवा पाडकाम ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला आणि जतनाच्या तज्ज्ञाला भिंत दाखवावी. आणि ती कोणी बांधली, दगड कोठून आला, कोणाकोणाच्या घरून श्रमदान झाले, हे गावातील वृद्धांना विचारून धर्मग्रामाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. स्टीव्हन्स यांचे नाव आज इतिहासात आहे, कारण ते कोणी तरी लिहून ठेवले. कामाठी मजुरांची नावे हरवली, कारण ती कोणी लिहिली नाहीत. आपल्या आजोबांची नावे कोणत्या यादीत असावीत, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.

पुढच्या खेपेस बोरीबंदरला उतराल, तेव्हा सामान क्षणभर खाली ठेवा आणि मान वर करून पाहा.

– संपादक